फेल्टच्या फुलाची पाकळी

प्रिय विमल,

दिवंगत व्यक्तीस पत्र लिहिताना ‘तू कुशल असशील’ असे लिहावे किंवा कसे, याविषयी व्याकरणशास्त्र मौन बाळगून आहे. त्यात आपला धम्म आत्मा मानत नाही. म्हणजे हे पत्र कोणत्या पत्त्यावर धाडावे, हाही पेच उरतोच. आबांना विचारले असते तर ते म्हणाले असते, “बरंच की, टपालाचं तिकीट वाचलं.” म्हणून क्षेमकुशलाचा परिच्छेद गाळून मी थेट विषयप्रवेश करतो. इतका थेटपणा माझ्या प्रकृतीस मानवत नाही, हे तुझ्याइतके कोण जाणते!

पत्र लिहिण्यास कारण असे की, उद्या तुझे वर्षाचे पुण्यानुमोदन आहे, आणि आज सकाळी मी तुझा फुलांचा डबा उघडला.

विमल, डब्यात कसर लागली आहे.

लोकर खाणारी ती क्षुद्र, पांढुरकी अळी. तिच्याविषयी मी तुला काय सांगावे? तुझे शेवटचे फूल त्या डब्यात होते. एक पाकळी लावायची राहिलेले. ती पाकळी मी लावायची, असे तूच मला बारामतीच्या रुग्णालयातील खाटेवरून बजावले होतेस. वर्षभर मी हे एकच कार्य मनाशी धरून बसलो होतो: आदल्या दिवशी पाकळी लावायची आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण झालेले फूल तुझ्या तसबिरीपुढे ठेवायचे. आयुष्यात मला दुसरा कोणताही संकल्प उरला नव्हता. पाकळी माझ्यापाशी सुखरूप आहे. पण आता ती लावू कशाला?

तुला आठवते, आपल्या दोघांच्या विषयांत केवढे अंतर होते? माझा विषय संस्कृत, तुझा कार्यानुभव. एकच शाळा, एकच शिक्षकखोली, घरी परतण्याचा रस्ताही एकच, साखर कारखान्याच्या फाटकावरून. माझ्या विषयास शंभर गुण. तुझ्या विषयास केवळ श्रेणी. मी म्हणत असे, “विमल, तुझ्या विषयाची प्रगती ‘अ, ब, क’ या तीन अक्षरांपुढे जात नाही.” आणि तू? वर्गात तू शुद्ध बोलायचीस. घरी आलीस की चपलांबरोबर शुद्ध भाषाही दाराबाहेर काढून ठेवायचीस. “आन तुमच्या इषयात काय व्हतं? नुसतं शब्द चालवत्यात. वर्सानुवर्सं चालत्यात बिचारं, पोचत कुठंच न्हाईत!”

या वाक्याचे खंडन मला अद्याप सुचलेले नाही. सुचले तरी आता ऐकवू कोणाला?

आबांचे मत तर याहून भेदक. “ज्या भाषेनं आपल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय, तिच्या घरात ह्यो पोरगा कुलूप फोडून ऱ्हायला गेलाय,” असे ते आल्यागेल्यास सांगत. सांगताना छाती मात्र दोन इंच फुगलेली! छप्पन साली दीक्षा घेतलेला हा माणूस. मुलाने संस्कृत शिकवावे याचा त्यांना संताप होता, की अभिमान? मी कधी विचारले नाही. दोन्ही असावेत. तू मला ‘पंडित’ म्हणू लागलीस ती त्यांच्याच चिथावणीने. चिडलीस की ‘अर्धवट पंडित’.

‘अर्धवट’ हा तुझा सर्वांत तिरस्काराचा शब्द होता. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे पडला की मुख्याध्यापक तुझी तासिका उचलून त्यांना देत. जणू ती शेजारणीकडून आणायची वाटीभर साखर! आज तासिका मिळाली, उद्या मिळेल याची शाश्वती नाही. त्यामुळे मुलींचे विणकाम अर्धे राही, भरतकाम अर्धे राही, आणि ते अर्धे काम घरी जाऊन चुलीपुढल्या फडक्यात जमा होई. तेव्हा तू तुझे शास्त्र नव्याने मांडलेस: एका तासिकेत सुरू होऊन त्याच तासिकेत संपेल तीच कला. “घंटेच्या आत फूल. अर्धवट कायबी ठिवायचं न्हाय.”

आणि त्या शास्त्रास योग्य असे द्रव्य तुला सापडले: फेल्ट!

मी त्यास ‘ऊर्णापुष्पनिर्मिती’ असे सार्थ नामाभिधान सुचवले. तू म्हणालीस, हे नाव फळ्यावर लिहीपर्यंतच घंटा होईल. अस्तु. परंतु त्या कापडाचा गुणधर्म तू मला ज्या रीतीने समजावलास, तो मी विसरलेलो नाही. स्वयंपाकघरात उभी होतीस, हातात कात्री, आणि समोर काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचा पाकळीचा साचा. “हे बगा. ह्याला उभा दोरा न्हाय, आडवा दोरा न्हाय. ह्ये विणलेलंच न्हाय. लोकर भिजवायची, दाबायची, मळायची; मग ती आपली आपल्याला धरून बसती. म्हणून कुठंबी कापा, कड सुटत न्हाय. दुमडायला नको, शिवून घ्यायला नको. विणलेलं न्हाय, त्यामुळं उसवत न्हाय.”

मी म्हणालो, “हे तत्त्वज्ञान आहे.”

“तत्त्वज्ञान न्हाय, येळ वाचतो,” तू म्हणालीस.

सत्य सांगायचे तर, विमल, तुझी फुले सुंदर नव्हती. मृत्यूनंतर माणसाची स्तुती करावी असा प्रघात आहे; तथापि तुझा गुलाब कोबीसारखा दिसे, हे तुझ्या हयातीत मी सांगितलेले आहे आणि आज ते मागे घेण्याचे कारण दिसत नाही. तुझे कमळ सुबक असे. शेवंती बरी. परंतु मुलींना ती फुले प्राणांहून प्रिय होती. हंगामात ऊसतोडीच्या तळावरून चार महिन्यांपुरत्या शाळेत येणाऱ्या मुलीही ती वेणीत खोवून परत जात. जाताना त्यांच्यापाशी पूर्ण झालेली अशी तेवढी एकच वस्तू असे.

आणि ती आई तुला आठवते का, निकालाच्या दिवशी कमरेवर हात ठेवून आलेली? मुलींना ‘फेल्ट’ उच्चारता येत नसे. घरोघरी ती ‘फेलची फुलं’ झाली होती.

“बाई, पोरगी सातवी पास झाली म्हन्ता, आन हातात फेलची फुलं दिली व्हय?”

“अहो, फेल नाही, फेल्ट. शेवटी ट आहे,” तू वर्गातल्या भाषेत म्हणालीस.

“ट लावला म्हंजे पास व्हती का?”

शिक्षकखोलीत आम्ही सर्व खाली माना घालून हसलो. जोडाक्षराचे इतके मूलगामी विवेचन मी कोणत्याही व्याकरणग्रंथात वाचलेले नाही. त्यानंतर घरात काहीही बिघडले, दूध उतू गेले, एसटी चुकली, की आपण म्हणू लागलो, “ट ऱ्हायला!”

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. कारण आज सकाळी जे घडले त्याचे बीज तेथे आहे.

त्या वैशाखी पौर्णिमेला तू बुद्धमूर्तीपुढे ताज्या फुलांऐवजी फेल्टची कमळे मांडलीस. भडक गुलाबी. आबा वंदनेला बसले, फुलांच्या गाथेपाशी आले आणि थांबले. हे फूल जसे कोमेजते तसा माझाही देह विनाशाकडे चालला आहे, असा त्या गाथेचा आशय; ही फुले वाहताना ती म्हणायची. आबांनी चष्मा कपाळावर नेला, एक कमळ उचलले, चेपले, सोडले. ते टुणकन पूर्ववत झाले.

“पोरी, ह्ये कोमेजत न्हाय.”

“न्हाय आबा. म्हणून तर केलंय. रोज आणायला नको.”

“मग म्या ह्येच्याम्होरं खोटं बोलू व्हय? फूल कोमेजतं म्हनायचं, आन म्होरं ह्ये दांडगं टवटवीत! न्हाय चालायचं. मरत न्हाय ते पुजंला चालत न्हाय.”

तू कमळे गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकलीस. मला वाटले, वाद संपला. विवाहास वीस वर्षे होऊनही मी किती अज्ञ होतो!

दुसऱ्याच आठवड्यात तू मला बारामतीस नेलेस. मंडईमागे गुलाबभाईंचे गाद्यारजयांचे दुकान. गुलाबांचे कापड गुलाबभाईंकडे मिळावे, यावर मी एसटीत केलेला श्लेष तुला रुचला नव्हता. गुलाबभाईंना मात्र रुचला. त्यांनी चहा सांगितला आणि रंगीत तागे पुढे टाकले.

“ह्येच न्या बाई, मागच्या टायमाचं. नायलॉन हाय. तुमी-आमी जाऊ, पर ह्येला काय व्हनार न्हाय. कसर तोंड लावत न्हाय.”

“मग हे नको,” तू म्हणालीस. “कसर लागणारं दावा.”

गुलाबभाईंनी कपबशी खाली ठेवली. “कसर लागनारं? बाई, उभ्या जन्मात गिऱ्हाइकानं असं मागितलं न्हाय! सर, काय झालंय काय घरात?”

“धर्मचर्चा,” मी म्हणालो.

ते माळ्यावर चढले आणि एक धुरकट पांढरा, जाड, मेंढीचा वास येणारा तुकडा घेऊन उतरले. “ह्ये खरी लोकर. आमच्यात ह्येला बुरणूस म्हन्त्यात. माझा आजा करायचा, खोगिराखाली घालायला. ह्येला जपलं न्हाय तर दोन पावसाळ्यांत पीठ व्हतंय बगा.” तू तो तुकडा गालाला लावून पाहिलास. इतका आनंद तुला मी आणलेल्या कोणत्याही साडीने झाल्याचे स्मरत नाही. मी मनात म्हटले, खोगिराखालचे वस्त्र बुद्धचरणी! अश्वाचीही काय ही उन्नती!

घरी आल्यावर तू पांढरी कमळे केलीस आणि आबांपुढे ठेवलीस. “आबा, ही लोकरीची हायत. ह्यांना कसर लागती. ही बी मरत्यात.”

आबांनी फूल हुंगले, नाक मुरडले. मग न्यायाधीशाच्या गांभीर्याने म्हणाले, “लागू दे की मग. लागल्यावर बगू.”

निकाल राखून ठेवण्यात आला.

आणि तू काय केलेस? तीच फुले त्याच पत्र्याच्या डब्यात घातलीस आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरलास, कसर लागू नये म्हणून! मी हा तर्कदोष तुझ्या निदर्शनास आणला. ज्या विनाशावर तुझा सिद्धान्त उभा, त्याच विनाशाविरुद्ध तू पाला पसरतेस? तू शांतपणे झाकण लावलेस. “वाद वाद, डबा डबा.”

दर पावसाळ्यापूर्वी तू पाला बदलायचीस. हे मला ठाऊक होते का? मी पाहत असेन. परंतु पाहणे म्हणजे जाणणे नव्हे.

रुग्णालयातील ते दिवस मी येथे विस्ताराने लिहीत नाही. पोटातील गाठीस डॉक्टर जे नाव देत, त्याचा विग्रह करण्याची मला इच्छा झाली नाही, यावरून काय ते समज. परंतु एका दुपारी मी घरून, भवानीनगरहून, जेवणाचा डबा घेऊन आलो, तर तुझ्या खाटेवर बुरणुसाचे कतरण पसरलेले! परिचारिका तुझ्याशी भांडत होती.

“मावशी, सुया टोचायचं काम आमचं. तुमची सुई द्या इकडं.”

“तुजी टोचून झाली का? मग आता माजी,” तू म्हणालीस. ती हसून निघून गेली. जाताना मला म्हणाली, “फार बोलू देऊ नका.” तुला! बोलू न देणे! तिला वाटले, मला तशी काही सत्ता असावी.

तू माझ्या काळ्या कोटाचे बटण मधोमध लावले होतेस, केसराच्या जागी. त्या कोटाचे बटण कोठे गेले हे मी दोन महिने शोधत होतो! तुझे हात फार बारीक झाले होते. एकेक पाकळी बटणाखाली धरायची, दोरा ओढायचा, गाठ मारायची, मग उशीवर मान टाकायची. अखेर एक पाकळी उरली. तू ती उचललीस, फुलाशी नेलीस, परत खाली ठेवलीस. पुन्हा उचललीस. आणि मग माझ्याकडे पाहिलेस.

“घंटा झाली वाटतं, पंडित.”

मी म्हणालो, “एकच तर उरली आहे. उद्या लाव.”

“न्हाय. ही तुमी लावा. तेवढीच कसर ऱ्हायली.” आणि ती पाकळी माझ्या तळहातावर ठेवून तू हसलीस. “घ्या. फूल न्हाय, फुलाची पाकळी.”

ते माझे वाक्य होते. लग्नात आहेर देताना, निरोपसमारंभात नारळ देताना, सत्यनारायणाच्या वर्गणीस नकार देऊन वाचनालयास दोन पुस्तके देताना, सर्वत्र मी मान लववून तेच म्हणत असे, आणि घरी येताना तू म्हणायचीस, “अवो, दर बारी पाकळीच? एकदा कुणाला फूल बी द्या की!” पण ते मला परत करण्यासाठी तू तीच दुपार निवडावीस? त्यावर मी काय उत्तर द्यावे अशी तुझी अपेक्षा होती?  मी पाकळी खिशात ठेवली.

त्यानंतर तू फूल हातात घेतले नाहीस. त्यानंतर फार काही घडायचेही उरले नव्हते.

आपल्या लेकीने, छायाने, तुझी पिशवी आवरली आणि ते फूल तुझ्या डब्यात, इतर फुलांसोबत ठेवून दिले. पाकळी मी माझ्या पुस्तकांच्या कपाटात नेली, शब्दकोशाच्या पानांत. त्या कपाटात मी डांबरगोळ्या ठेवतो, हे तुला माहीत आहे; त्या वासावरून तू माझ्या विद्वत्तेची यथेच्छ टिंगल केली आहेस. आणि तुझा डबा मी उघडला नाही. पहिल्या महिन्यात धैर्य नव्हते. पुढे वाटू लागले की, तुझे झाकण तसेच राहावे. शेवटचे ते छायाने लावले होते, तरी त्यावर तुझ्या बोटांचा दाब आहे, असा काहीसा बाष्कळ विचार. मी त्यास पावित्र्य समजत होतो, विमल. मी पावित्र्य राखीत बसलो आणि आत भोजनावळ चालू होती.

आज सकाळी छाया समोर होती. ती काल संध्याकाळीच इंदापूरहून आली. मी कोट घातला होता. होय, बटण नसलेला. प्रसंगच तसा होता. सुईत दोरा छायाने ओवून ठेवला होता. शब्दकोशातून पाकळी काढली, जशीच्या तशी, किंचित डांबरगोळीचा गंध येणारी. मग झाकण उघडले. ते सहजी निघाले नाही.

पाल्याचे काळे चूर्ण. त्याखाली भुसा. त्या भुशात आबांनी नाकारलेली ती पहिली गुलाबी नायलॉनची कमळे, एकेक पाकळी शाबूत, निर्लज्जपणे टवटवीत! पांढऱ्या फुलांचा मात्र मागमूस नाही. छायाने बोटाने भुसा बाजूला केला आणि म्हणाली, “पप्पा, हे बघा.” तुझे फूल म्हणजे मधले बटण आणि त्याभोवती दोऱ्याचे वेढे. सुती दोरा कसर खात नाही. तुझी प्रत्येक गाठ जागच्या जागी होती, पाकळीला धरून ठेवल्यासारखी. आत पाकळी नव्हती. विणलेले नव्हते म्हणून उसवले नाही, हे खरे. ते फक्त नाहीसे झाले.

 मग छाया तुझीच नक्कल करीत म्हणाली, “ट ऱ्हायला, पप्पा,” आणि मोठ्याने रडू लागली. मी तिला म्हणालो, “रडू नकोस, ही अळी शास्त्रोक्त पद्धतीने वागली आहे.” या वाक्याचा तिला काही उपयोग झाला नाही. मलाही.

तेवढ्यात आबा काठी टेकीत आले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी डब्यात हात घातला, भुसा चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला. 

“लोकरीचं का?”

“होय, आबा.”

“कसरीनं खाल्लं?”

“होय.”

त्यांनी चिमूट पुन्हा डब्यात सोडली, जपून, जणू सांडायला नको. “जिकली की गं पोरी,” ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, डब्याशी. “चालतंय. पुजंला चालतंय तुजं फूल.”

असा तुझा निकाल लागला, विमल! तुझ्या बाजूने. वाद जिंकणारी वर्षापूर्वी गेली. हरणारा ऐंशी ओलांडून काठीवर उभा आहे. आणि ज्या फुलास आज पूजेची अनुमती मिळाली, ते फूल नाही. यात कोणास काही सांत्वन सापडत असेल तर त्याने ते खुशाल न्यावे. मला सापडले नाही.

मी हट्ट सोडला नाही. अकराच्या एसटीने बारामतीस गेलो. वाटेत उसाच्या बैलगाड्या, मळीचा वास, सारे पूर्ववत्. गुलाबभाईंच्या दुकानात आता फोमच्या गाद्या आहेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मी म्हणालो, “तो पांढरा बुरणूस हवा होता. फूलभर.”

“सर, लोकरीचं आता कुठलं? बाईंनी न्हेला त्यो शेवटचा व्हता. आजाच्या हातचा.” मग माझ्या कोटाकडे बघून म्हणाले, “का वो? काय झालं त्याचं?”

“कसर लागली.”

त्यांनी चटकन कानाला हात लावला. “बाईंनी तसंच मागितलं व्हतं,” ते हळूच म्हणाले. “म्हंजी माल खरा व्हता, सर.”

चहा घेतल्यावाचून त्यांनी सोडले नाही. आम्ही दोघे एका न विकलेल्या गादीवर बसून चहा प्यायलो. मला श्लेष सुचला नाही, यावरून त्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटली असावी. बसपर्यंत पोचवायला आले.

घरी येऊन मी तुझ्या टोपलीतले उरलेले नायलॉन काढले. काड्यापेटीचा साचा होता, कात्री होती, दोन डोळे आणि दहा बोटे होती. एका तासिकेत सातवीतली मुलगी जे करते, ते काव्यशास्त्राच्या अध्यापकास न साधावे? धावदोरा घालायचा, ओढायचा, चुणी पडते, पाकळी उभी राहते. हे सर्व मी तुझ्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेले. ओढले. दोरा तुटला. पुन्हा ओवला. जे सिद्ध झाले ते पाहून छाया म्हणाली, “वांगं आहे का?” मी म्हणालो, “कमळ.” ती म्हणाली, “पप्पा, राहू द्या.” कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा मी सुई खाली ठेवली. ऐन घंटेच्या वेळी. हातात एक अर्धवट वस्तू.

तू मला का शिकवले नाहीस गं? “निवृत्त झालात की शिकवते, आता तुमी नुसतं कापड नासवाल,” असे म्हणत राहिलीस. कापडाची एवढी काळजी? कसरीने नासवले ते चालले, मी नासवले असते तर काय बिघडले असते?

छायाने उद्यासाठी चंदनाच्या सालीचा हार आणला आहे. तो तुझ्या तसबिरीस घालू. तुला आवडणार नाही, पण तुझी आवड विचारण्याची सोय उरलेली नाही. सकाळी तिने सुचवले, “पप्पा, ती पाकळी निदान बटणाला तरी लावू या.” मी बटण हातात घेऊन पाहिले. दोऱ्याचे ते रिकामे वेढे पाहिले. त्यात कोठेही सुई खुपसली असती तर तुझी एखादी गाठ हलली असती. नाही लावली. कोटास बटण परत शिवून देते, असेही ती म्हणाली. त्यासही नकार दिला. तो कोट तसाच घालीन.

म्हणून आता माझ्यापाशी एवढेच उरले आहे, विमल. माझे जुने वाक्य, आणि त्या वाक्यातील वस्तू. आजवर मी ते विनयाने म्हणत आलो, आपल्यापाशी फूल असल्याच्या थाटात. उद्या प्रथमच ते अक्षरशः खरे असेल.

एक वचन देतो; तेवढेच माझ्याने पाळले जाईल. उद्या आबा फुलांची गाथा म्हणतील तेव्हा तुझी ती पांढरी पाकळी मी पुढे ठेवीन. नंतर ती शब्दकोशात परत नेणार नाही. तुझ्या डब्यात ठेवीन, बटणाशेजारी. कडुनिंबाचा पाला घालणार नाही, डांबरगोळी ठेवणार नाही, आणि झाकण घट्ट लावणार नाही. मी तिला वर्षभर मरू दिले नाही, म्हणून ती फुलापासून तुटली. आता जाऊ दे तिला, जेथे बाकीच्या गेल्या.

तुझा अर्धवट,
दिनकर